पुण्याच्या गच्चीवरून एम-४२: गाभा पांढराफटक, पंख गायब, निम्मे तारे लांबट

कोथरूडची_गच्ची:

मृगातला मोठा तेजोमेघ, म्हणजे एम-४२, पुण्यातल्या गच्चीवरून टिपतो आहे. साहित्य असं: स्काय-वॉचर १३०पीडीएस दुर्बीण (आरसा १३० मिमी, फोकल लेंग्थ ६५० मिमी, एफ/५), ईक्यू-५ माउंट दोन्ही अक्षांना मोटर लावलेलं, कॅनन १५००डी आहे तसाच, सेन्सरपुढचा मूळ फिल्टर न काढलेला. गायडिंग (ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक आपोआप सुधारणारा संच), कोमा करेक्टर (कडेच्या ताऱ्यांच्या शेपट्या घालवणारं भिंग), लाइट पोल्यूशन फिल्टर यांपैकी काही नाही. आयएसओ १६००, ३० सेकंदांच्या १२० फ्रेमा, २० डार्क (झाकण लावून काढलेल्या फ्रेमा), फ्लॅट (एकसारख्या उजेडाच्या फ्रेमा) नाहीत. स्टॅकिंग, म्हणजे फ्रेमा एकावर एक बसवून एक चित्र करणं, डीपस्कायस्टॅकरमध्ये.

निकालात या अडचणी दिसतात. गाभ्यातल्या ट्रॅपिझियम या चार ताऱ्यांच्या भोवतीचा भाग पूर्ण पांढरा होतो. बाहेरचे पंख थोडे ताणायला (उजळ करायला) गेलं की सगळी पार्श्वभूमी करडी-नारिंगी होते आणि कडा काळवंडलेल्या दिसतात. जवळपास निम्म्या फ्रेमांत तारे एकाच दिशेने लांबट आहेत. कोपऱ्यातल्या ताऱ्यांना शेपट्या आहेत. आणि स्टॅक केल्यावर पूर्ण चित्रावर तिरप्या बारीक रेघा उमटतात, एकेकट्या फ्रेममध्ये त्या दिसत नाहीत.

गायडिंगचा संच, ड्युअल-बँड फिल्टर आणि कोमा करेक्टर या तिघांपैकी सध्या एकच घेता येईल. आधी काय घ्यावं? उत्तरेला समोरची इमारत असल्याने ध्रुवतारा दिसत नाही, हेही विचारात घ्या.

त्रिकांड:

खरेदी थोडी थांबवा. यातल्या बऱ्याच अडचणी आहे त्याच साहित्यावर सुटतात, आणि त्या सुटल्याशिवाय नवीन वस्तूचा उपयोग कळणारही नाही.

गाभ्याचं आधी सांगतो. एम-४२ चा गाभा आणि बाहेरचे पंख यांच्या तेजस्वितेत इतका फरक आहे की एका एक्स्पोजरमध्ये दोन्ही मावतच नाहीत. हा तुमच्या कॅमेऱ्याचा दोष नाही. तीन वेगळे संच घ्या: ३० सेकंदांचा मुख्य संच, मग ५ सेकंदांच्या ४० फ्रेमा आणि १ सेकंदाच्या ४० फ्रेमा. शेवटच्या संचात ट्रॅपिझियमचे चार तारे सुटे दिसले पाहिजेत. ते एकमेकांत मिसळत असतील तर एक्स्पोजरला दोष देण्याआधी फोकस तपासा. आयएसओ ८०० वर आणा. १६०० च्या तुलनेत उजळ टोकाला एक स्टॉप जागा जास्त मिळते. ८०० वर रीड नॉइज (सेन्सर वाचताना येणारा नॉइज) किंचित वाढतो, पण शहरातल्या आकाशाचा स्वतःचा नॉइज त्याच्यापेक्षा इतका मोठा असतो की तो फरक चित्रात उतरत नाही.

याच कारणासाठी एक्स्पोजर लांबवण्याच्या मागेही लागू नका. एफ/५ ला शहरातून ३० सेकंदांत हिस्टोग्रामचा (उजेडाच्या आलेखाचा) उंचवटा डाव्या कडेपासून सुटून पाव ते एक तृतीयांशावर येतो. तिथे तो आला की दोन मिनिटांची एक फ्रेम आणि ३० सेकंदांच्या चार फ्रेमा यांत जवळपास काहीच फरक राहत नाही. उंचवटा अर्ध्याच्या पुढे जात असेल तर उलट वेळ कमी करा, नाहीतर ताऱ्यांचे रंग जळतात.

पंख बाहेर काढायला लागतो तो एकूण वेळ. तुमच्या १२० फ्रेमा म्हणजे एक तास, त्यातल्या निम्म्या टाकल्या तर अर्धाच. एका तासाचे चार तास झाले की सिग्नलच्या तुलनेत नॉइज निम्मा होतो. दोन-तीन रात्रींच्या फ्रेमा एकत्र स्टॅक करायला हरकत नाही, फक्त कॅमेऱ्याचा कोन तोच ठेवा. शहराच्या मध्यात आकाश दर चौरस आर्कसेकंदाला साधारण १८ प्रतीचं (प्रत हे तेजाचं माप, आकडा मोठा तितकं आकाश काळं) असतं आणि चांगल्या काळोख्या जागी २१ च्या पुढे. तीन प्रतींचा फरक म्हणजे सुमारे १६ पट उजेड. पंखांसारख्या अंधूक भागासाठी काळोख्या जागेच्या एका तासाची बरोबरी करायला गच्चीवर १६ तास लागतात, ते यामुळे. जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळालेला पेंच व्याघ्र प्रकल्प आपल्याच राज्यात आहे, पण तेवढ्या लांब न जाताही शहरापासून ६०-७० किलोमीटरवरची एक अमावास्या गच्चीवरच्या कित्येक रात्रींना भारी पडते.

वेळेचंही बघा. पुण्याहून एम-४२ मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) सुमारे ६६ अंश उंच येतो: डिसेंबरच्या मध्यात रात्री साडेबाराच्या आसपास, जानेवारीच्या मध्यात साडेदहाला, फेब्रुवारीच्या मध्यात साडेआठला. त्याच्या अलीकडे-पलीकडे दोन-दोन तास धरा. पूर्वेला तो ३० अंशांच्या खाली असताना काढलेल्या फ्रेमा स्टॅकमध्ये घालू नका, शहरावरचा सगळा धूर आणि उजेड त्या थरात असतो.

वर्म_गिअर:

लांबट ताऱ्यांबद्दल. तुमचं गणित असं: पिक्सेल ३.७२ मायक्रॉन, फोकल लेंग्थ ६५०, म्हणजे २०६ × ३.७२ ÷ ६५० = सुमारे १.१८ आर्कसेकंद प्रति पिक्सेल. आता लांबटपणा आरए अक्षात (पूर्व-पश्चिम) आहे की डेकमध्ये (उत्तर-दक्षिण), हे ठरवल्याशिवाय काहीही बदलू नका. २० सेकंदांचं एक्स्पोजर लावा, पहिले १० सेकंद माउंटला हात लावू नका, मग आरएचं बटण दाबून धरा. ताऱ्याची जी रेघ निघेल ती आरएची दिशा. कॅमेरा फिरवून ही रेघ फ्रेमच्या लांब कडेला समांतर करून ठेवलीत, तर यापुढे प्रत्येक फ्रेम बघताक्षणी निदान होईल.

निम्म्या फ्रेमा चांगल्या आणि निम्म्या वाईट, ही खूण बहुतेक वेळा आरएच्या पिरिऑडिक एररची, म्हणजे गिअरमुळे ठरावीक वेळाने परत येणाऱ्या चुकीची, असते. या वर्गाच्या माउंटचा वर्म (स्क्रूसारखा गिअर) साधारण १० मिनिटांत एक फेरा पूर्ण करतो आणि त्या फेऱ्यात तारा एकूण ४० आर्कसेकंद पुढेमागे सरकला तरी नवल नाही. सरकण्याचा वेग फेऱ्याच्या मध्यावर सेकंदाला ०.२ आर्कसेकंदापर्यंत जातो, म्हणजे ३० सेकंदांत ५ पिक्सेल. टोकांना तो जवळपास शून्य होतो, तिथल्या फ्रेमा गोल येतात. फ्रेमा वेळेनुसार लावून बघा: चांगल्या-वाईट गटागटाने, दर पाच मिनिटांनी आलटून पालटून येत असतील तर हेच कारण.

पैसे न घालता तीन गोष्टी करता येतात. एक्स्पोजर १५ सेकंदांवर आणा, लांबटपणा निम्म्यावर येतो. शहरात त्याने फार नुकसान नाही, फ्रेमा मात्र दुप्पट. बॅलन्स अचूक करू नका. आरएमध्ये पूर्वेकडची बाजू किंचित जड ठेवा, म्हणजे गिअरचे दात एकाच बाजूला टेकून राहतात. आणि ट्रायपॉडचे पाय पूर्ण आत घेऊन माउंट खाली बसवा. गच्चीचा स्लॅब मध्यभागी हलतो, त्यामुळे पाय खांबाच्या किंवा बीमच्या वर येतील अशी जागा निवडा. पाण्याच्या टाकीचा पंप चालू असताना काढलेल्या फ्रेमा वेगळ्या तपासा.

ध्रुवताऱ्याशिवाय पोलर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखणं) पूर्णपणे शक्य आहे. ध्रुवतारा दिसला असता तरी पुण्याहून तो जेमतेम साडेअठरा अंश उंच, धुरकटपणातच असतो. ड्रिफ्टची, म्हणजे ताऱ्याच्या सरकण्यावरून चूक ओळखण्याची, पद्धत वापरा, आणि त्यासाठी कॅमेराच पुरेसा आहे. आधी अझिमथ (आडवी दिशा). मृगातल्या त्रिकांडाच्या तीन ताऱ्यांपैकी सगळ्यात पश्चिमेचा, जो आधी उगवतो, तो जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावरच आहे. तो मध्यमंडलाजवळ असताना फ्रेममध्ये घ्या. आयएसओ १००, एक्स्पोजर १२५ सेकंद. पहिले ५ सेकंद काही करू नका, मग हँड कंट्रोलरवर २एक्स वेगाला आरएचं एक बटण ६० सेकंद, लगेच विरुद्ध बटण ६० सेकंद. तारा गेला त्याच रेषेवरून परत आला तर अझिमथ बरोबर. इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार आला तर अझिमथचा स्क्रू थोडा फिरवून पुन्हा तेच. व्ही वाढला तर उलट फिरवा. नंतर पूर्वेला २५-३० अंशांवर, विषुववृत्ताच्या जवळचा एखादा तारा घेऊन हाच प्रकार उंचीच्या स्क्रूने. शेवटी अझिमथ पुन्हा एकदा तपासा, कारण उंची बदलताना तो थोडा हलतो.

१० कलांची चूक राहिली तर तारा मिनिटाला २.६ आर्कसेकंद सरकतो. ३० सेकंदांच्या फ्रेममध्ये हा जेमतेम एक पिक्सेल आहे, म्हणून एवढ्यावर थांबलात तरी चालेल. लॅपटॉप गच्चीवर नेत असाल तर नीना या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तीन बिंदूंवरून पोलर अलाइनमेंट करणारा प्लगइन आहे, त्याला ध्रुवतारा लागत नाही.

खरेदीबद्दल माझं मत: तिघांपैकी गायडिंग. फक्त गोल ताऱ्यांसाठी नाही, डिदरिंग (दोन फ्रेमांच्या मध्ये दुर्बीण मुद्दाम थोडी सरकवणं) आपोआप होतं म्हणूनही.

सिरिलवाली:

तिरप्या रेघांचं कारण वर्म_गिअर यांच्या शेवटच्या वाक्यात आहे. पोलर अलाइनमेंटच्या चुकीमुळे प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमपेक्षा किंचित, आणि नेहमी एकाच दिशेने सरकते. स्टॅकर ताऱ्यांवर तारे बसवतो, मग सेन्सरचे गरम पिक्सेल आणि त्याचा ठरावीक पॅटर्न त्या सरकण्याच्या दिशेने ओढला जातो. याला वॉकिंग नॉइज म्हणतात. एकेका फ्रेममध्ये तो दिसत नाही याचं कारणही हेच. डार्क वाढवून तो कमी होतो पण जात नाही, कारण या कॅमेऱ्यात सेन्सरचं तापमान रात्रभर बदलत राहतं आणि डार्क कधीच तंतोतंत जुळत नाहीत.

गायडिंग नसेल तर हाताने डिदर करा. दर ५-६ फ्रेमांनी कंट्रोलर २एक्सवर ठेवून एखादं बटण एक ते दीड सेकंद दाबा, म्हणजे १५ पिक्सेलच्या आसपास सरकेल. दरवेळी दिशा बदला, कधी आरए, कधी डेक, दोन्हीकडे. क्रम ठरावीक नको. डेकची दिशा उलटवली की आधीचा थोडा वेळ गिअरच्या ढिलाईत जातो, तेव्हा तिथे जास्त दाबावं लागेल. बटण सोडल्यावर १० सेकंद थांबून पुढची फ्रेम. इंटरव्हलोमीटर (ठरावीक वेळाने शटर दाबणारं यंत्र) पाच फ्रेमांच्या तुकडीवर लावला की हे सहज बसतं. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद असल्याची खात्री करा. ते चालू असेल तर प्रत्येक फ्रेमनंतर तितकाच वेळ कॅमेरा स्वतःची डार्क काढत बसतो आणि अर्धी रात्र वाया जाते.

पार्श्वभूमीच्या काळवंडलेल्या कडा म्हणजे फ्लॅट नसणं, दुसरं काही नाही. शहरातून फ्लॅटशिवाय काम करूच नये. उजेडी आकाशावर व्हिन्येटिंग (कडांचा काळवंडलेपणा) इतकं ठळक उमटतं की पंख त्याच्याखाली गाडले जातात. काम संपल्यावर फोकस आणि कॅमेऱ्याचा कोन न हलवता नळीच्या तोंडावर पांढरा सुती टी-शर्ट दोन घड्या करून, सुरकुत्या न ठेवता ताणून बसवा. त्यावर टॅबलेटचा पांढरा स्क्रीन किंवा एलईडी पॅनेल ठेवा. आयएसओ तोच, ८००. हिस्टोग्राम मध्यावर. शटर १/२० सेकंदापेक्षा लांब राहील इतका उजेड कमी करा, नाहीतर एलईडीच्या लुकलुकण्याचे आडवे पट्टे फ्लॅटमध्येच येतील. अशा ३० फ्रेमा. मग झाकण लावून १/४००० सेकंदाच्या ५० बायस. डार्क गच्चीवरच, त्याच थंडीत घ्या, घरात येऊन नको. न्यूटोनियनची, म्हणजे तुमच्यासारख्या आरशाच्या दुर्बिणीची, मागची बाजू उघडी असते, तिथून रस्त्याच्या दिव्याचा उजेड शिरतो. डार्क काढताना आणि फोटो काढतानाही मागे काळं कापड बांधा, व्ह्यूफाइंडर झाका. तोंडापुढे काळ्या फोम शीटची २० सेंमी लांब नळी गुंडाळली तर शेजारच्या इमारतींचा तिरपा उजेड आणि दव दोन्ही अडतं.

प्रोसेसिंगला सिरिल वापरून बघा, मोफत आहे. इंग्रजी लहान अक्षरांत लाइट्स, डार्क्स, फ्लॅट्स, बायसेस या नावांचे चार फोल्डर करून रंगीत कॅमेऱ्याची तयार स्क्रिप्ट चालवायची. तिन्ही संच वेगवेगळे स्टॅक करा, नंतर तीन निकाल एकमेकांवर रजिस्टर करा (तारे जुळवून बसवा). पुढचा क्रम महत्त्वाचा: आधी कडा कापा, मग बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन (पार्श्वभूमीचा उजेड वजा करणं), मग फोटोमेट्रिक कलर कॅलिब्रेशन (ताऱ्यांवरून रंग जुळवणं), आणि मगच स्ट्रेच (ताणणं). स्ट्रेच आधी केलात तर नारिंगी छटा पुन्हा नीट निघत नाही. बॅकग्राउंडचे नमुना-बिंदू आपोआप टाकू देऊ नका. एम-४२ ने तुमची २ × १.३ अंशांची फ्रेम बरीचशी व्यापलेली असते, बिंदू तेजोमेघावर पडले तर सॉफ्टवेअर पंखच उजेड समजून वजा करतं. कोपऱ्यांत आणि कडेला हाताने १०-१२ बिंदू, डिग्री १. एवढंच.

स्ट्रेच तिन्हींवर वेगळा. लांब संच पंख दिसेपर्यंत ताणा, गाभा जळू दे. आखूड संच गाभ्यातले पडदे दिसतील इतकाच. गिंपमध्ये लांब संच खाली, ५ सेकंदांचा वर, वरच्या लेयरला मास्क म्हणून लांब संचाचीच करडी प्रत, आणि तिला ४०-५० पिक्सेलचा गॉसियन ब्लर. १ सेकंदाचा लेयर तसाच, पण मास्क आणखी गडद करून. जोड दिसली तर ब्लर वाढवण्यापेक्षा आखूड लेयरची उजळता खालच्याशी जुळवा, तिथेच बहुधा अडतं.

कोथरूडची_गच्ची:

सगळ्यांचे आभार. फ्रेमा वेळेनुसार लावून पाहिल्या, चांगल्या-वाईट खरंच गटागटाने आहेत आणि रेघ आरएच्याच दिशेने आहे. दोन शंका. फिल्टरबद्दल कोणी बोललं नाही. आणि कोपऱ्यातल्या शेपट्या कोलिमेशनमुळे (आरसे नीट जुळलेले नसल्यामुळे) आहेत की करेक्टर नसल्यामुळे, हे कसं ओळखायचं?

त्रिकांड:

शेपट्या चारही कोपऱ्यांत सारख्या आणि मध्यापासून बाहेर वळलेल्या असतील तर तो एफ/५ आरशाचा स्वाभाविक कोमा. एका बाजूला जास्त, दुसरीकडे जवळजवळ नाही, असं असेल तर कोलिमेशन किंवा फोकसरमध्ये कॅमेरा तिरका बसतो आहे. करेक्टर घ्याल तेव्हा त्याच्या शेवटच्या भिंगापासून सेन्सरपर्यंतचं अंतर सांगितलेलं असतं, बहुतेकांना ५५ मिमी. कॅननच्या बॉडीचे ४४ आणि टी-रिंग या जोडकडीचे ११ मिळून तेवढे बरोबर होतात. मध्ये २ मिमी जाडीचा फिल्टर आला तर अंतर सुमारे ०.७ मिमीने वाढवावं लागतं. एम-४२ साठी मात्र करेक्टर शेवटी आला तरी चालेल. तेजोमेघ मध्यभागी असतो, कडा कापता येतात.

फिल्टर या वस्तूसाठी मी घेणार नाही. ड्युअल-बँड फिल्टर हायड्रोजन-अल्फा (६५६.३ नॅनोमीटर) आणि ऑक्सिजन (५००.७) यांच्याभोवतीची चिंचोळी पट्टीच सोडतो. तुमच्या कॅमेऱ्याचा मूळ फिल्टर ६५६ वरचा साधारण पाव उजेडच आत येऊ देतो. दोन्ही मिळून एक्स्पोजर ३ ते ५ मिनिटांवर जातं, आणि ते गायडिंगशिवाय तुमच्या माउंटवर होणार नाही. शिवाय एम-४२ च्या उत्तरेला अर्ध्या अंशावरचा रनिंग मॅन हा परावर्तन तेजोमेघ आहे. त्याची निळाई म्हणजे ताऱ्यांचा परावर्तित उजेड, फिल्टर ती खाऊन टाकतो. जुन्या सोडियम दिव्यांच्या काळातले सीएलएस प्रकारचे फिल्टर ५८९ नॅनोमीटरची पिवळी रेषा अडवायचे, ते तेव्हा उपयोगी होते. रस्त्यावरचे पांढरे एलईडी पूर्ण वर्णपटात पसरलेले असतात, त्यांना ते अडवू शकत नाहीत. एकशृंगीतला रोझेट किंवा त्रिकांडाजवळचा घोड्याचं डोकं हे पुढचं लक्ष्य असेल, तेव्हा मॉडिफाय केलेला (मूळ फिल्टर काढलेला) कॅमेरा आणि ड्युअल-बँड या जोडीचा विचार करा. एम-४२ मुळात इतका तेजस्वी आहे की ३० सप्टेंबर १८८० ला हेन्री ड्रेपरने ११ इंची दुर्बिणीतून कोरड्या काचेच्या प्लेटवर ५१ मिनिटांत तो उमटवला. तेजोमेघाचा तो पहिला फोटो.

गायडिंगबाबत वर्म_गिअर यांच्याशी सहमत. घेण्याआधी तुमच्या मोटर कंट्रोलरला ऑटोगायडरचं सॉकेट आहे का तेवढं बघा. नसेल तर तो खर्च आधी.

डॉब_नगर:

यात थोडं वेगळं विचारतो. ८ इंची डॉब्सोनियन (हाताने फिरवायच्या साध्या बैठकीवरची दुर्बीण) आहे, १२०० मिमी, ट्रॅकिंग नाही. डीएसएलआर आणि ५० मिमी एफ/१.८ लेन्स आहे. काही करता येईल का?

वर्म_गिअर:

डॉबवर डीएसएलआर लावू नका. विषुववृत्ताजवळ आकाश सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकतं. १२०० मिमीला ते सेकंदाला २३-२४ पिक्सेल होतात. शिवाय फक्त डोळ्याने बघण्यासाठी बनवलेल्या बऱ्याच न्यूटोनियनमध्ये कॅमेऱ्याचा सेन्सर फोकसच्या बिंदूपर्यंत पोहोचतच नाही, आरसा नळीत वर सरकवावा लागतो. बार्लो भिंग लावून फोकस मिळतो, पण फोकल लेंग्थ दुप्पट होऊन सरकणंही दुप्पट होतं. आयपीसवर मोबाइल बसवून अर्ध्या सेकंदाचे शॉट घेतले तर गाभा आणि ट्रॅपिझियम येतात, पंख नाहीत.

पंख हवे असतील तर दुर्बीण बाजूला ठेवा आणि ५० मिमी लेन्स साध्या ट्रायपॉडवर लावा. कॅमेरा १५००डी सारखा असेल तर एक पिक्सेल सुमारे १५ आर्कसेकंदांचा होतो, म्हणजे तारा सेकंदाला एकच पिक्सेल सरकतो. एफ/२.८ ला बंद करा, एफ/१.८ ला कोपरे फाटतात. ३ ते ४ सेकंद, आयएसओ १६००, ३०० फ्रेमा. दर ४० फ्रेमांनी मृग पुन्हा मध्यावर आणा, ते करताना कॅमेरा थोडा इकडेतिकडे होतो आणि डिदर आपोआप मिळतं. फोकस मृगातल्या काक्षी किंवा राजन्य या तेजस्वी ताऱ्यावर, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून, आणि मग फोकस रिंगवर चिकटपट्टी. फ्लॅट इथेही लागतात. लेन्सवर दव बसू नये म्हणून हात गरम करायचा केमिकल पाउच रबर बँडने पुढच्या कडेशी बांधा, काचेला लागू देऊ नका. थंडीत मध्यरात्रीनंतर तारे हळूहळू फुगलेले दिसू लागले, तर फोकस बदलण्याआधी टॉर्च तिरपा धरून काच बघा.